एक, जरा उजवीकडे

आकडा उलटा कापावा लागतो,
हे पहिल्या दिवशी मला कुणी सांगितलं नव्हतं.
आरशातला सात, आरशातला चार.
मग विनाईल चिमट्याने सोलायचं
आणि पोटातले तुकडे टोच्याने उचलायचे,
आठाचे दोन, शून्याचा एक लांबट,
नवाचा काडेपेटीएवढा.
एकाच्या पोटात काहीच नसतं.

धोबीतलावला, डिमेलोच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर
मान वाकडी करूनच बसावं लागतं. छप्पर तेवढंच.
खाली कप, शिट्ट्या, जाळ्या, गिऱ्हाइकं.
वर मी, कटर, आणि दीडशे अंशांचा प्रेस.
पंधरा सेकंद दाबायचा, असं त्याच्यावर लिहिलंय.
मी तेराव्याला उचलते.
अजून एकही आकडा सुटून परत आलेला नाही.

दहा सगळ्यांना हवा असतो.
दहावरची भांडणं काउंटरवर होतात, मला वर ऐकू येतात.
एकदा दोन सख्खे भाऊ आले होते. थोरल्याने दहा घेतला,
धाकट्याने एकोणीस,
म्हणाला, एक आणि नऊ, बेरीज कर.
तेरा उरतो. तो नंतर भरती झालेल्याच्या पाठीवर जातो.
छत्तीस मी स्वतःहून कुणाला सुचवत नाही.

शिवडीच्या म्युनिसिपल शाळेची यादी
सावे मास्तरांनी वहीच्या पानावर लिहून दिली,
शाईच्या पेनाने, मराठी आकड्यांत.
सोळा नावं.
निनाद वैती, गोलकीपर, पुढे १.
मास्तरांच्या एकाचं डोकं मोठं, शेपूट जरा वळलेली.
मी नऊ वाचला.
खाली फैजान परकार, पुढे ९. तोही नऊच वाचला.
याच आकड्यांत मी पाढे म्हटलेत,
बे एके बे, ओट्यावर बसून, पाय हलवत.
पण अठरा वर्षं इंग्रजी कापते आहे,
डोळ्यांना आता तेच वळण.

सामन्याच्या सकाळी दोघंही जिना चढून वर आले.
रेफ्री म्हणतोय, दोन नऊ चालणार नाहीत.
परकार बोलत होता. वैती जर्सी छातीशी धरून
छपराला डोकं लागू नये म्हणून वाकून उभा.
पिवळं विनाईल संपलेलं. वेळ पाऊण तास.

आधी प्रेसने ऊब दिली. मग ब्लेडने
नवाचं डोकं तोडलं, खालचा आकडाही,
कड नखाने धरून ओढत गेले.
उजवीकडचा दांडा तेवढा राहू दिला.
झाला एक.
मधोमध नाही, उजव्या खांद्याकडे सरकलेला,
बाकावर दुसऱ्याला जागा दिल्यासारखा.
डावीकडे हिरव्या कापडावर
डिंकाची चौकट राहिली.

चालेल का रे, विचारलं.
त्याने जर्सी घातली, माझ्याकडे पाठ केली.
"मला कुठे दिसतोय. तुम्हीच सांगा."
चालेल, म्हटलं.

दुपारी डबा घेऊन मैदानावर गेले, गोलाच्या मागे.
तिथून त्याची फक्त पाठ दिसते.
तो वाकला की घामाने चौकट काळी उमटायची. नऊ.
ताठ झाला की एक.
दोन गोल खाल्ले त्याने. एक असा अडवला
की माझ्या बाजूला बसलेला चणेवालाही उठला.
निकाल काय लागला कोण जाणे,
मला अडीचला परत चढायचं होतं.

यंदाची यादी फोनवर आली.
टाइप केलेली, इंग्रजी आकडे, चुकायला जागाच नाही.
एकच्या पुढे दुसरंच नाव.
वैती नाही. खाली शोधला, राखीव खेळाडूंतही नाही.
सावे मास्तरांना विचारावं म्हटलं,
तर नंबरही दुसऱ्याच कुणाचा.

पट्टी लावून मध्य काढला.
एक ठेवला, बरोबर मणक्यावर.
प्रेस खाली घेतला आणि मोजत राहिले,
पूर्ण पंधरा.