कानोसा, एकेचाळिसावा किलोमीटर

फिनलंडच्या उत्तर टोकाला, जिथं नोव्हेंबरात
दुपारी दोनलाच दिवस गुंडाळून ठेवतात,
इर्या कुम्पुला रस्त्यावर गुडघे टेकून बसलीय.
प्रार्थना नव्हे.
हातात बोराएवढी पोलादी गोळी
आणि डांबराला ग्रीस लावून चिकटवलेले
दोन इवलेसे कान, वायरीचे.

टक्.

माठ घेताना टिचकी मारून पाहतात, तसंच.
खणखणीत वाजला तर पुढं चला.
बद्द वाजला
तर थराचा थराशी अबोला झालाय आत,
आणि वरून रस्ता काळा, गुळगुळीत,
भांडण अर्ध्यावर सोडून
पाहुण्यांसमोर येऊन बसलेल्या घरासारखा.

चाळीस किलोमीटर खणखणीत.
हातमोज्यात बोटं असल्याचं
आता फक्त आठवत होतं.

तेवढ्यात ओउला आला, मागं रेनडिअर,
पुढं म्हातारी कुत्री, रुन्ने.
"काय ऐकतेस?"
"चिरा."
"दिसत तर नाहीत."
"दिसल्यावर ऐकायचं कशाला?"
तो हसला नाही. म्हणाला,
"गेल्या जानेवारीत, कडाक्याच्या रात्री,
ही पुढच्या वळणावर अडायची.
ठेंगण्या बर्चपाशी. जमिनीवर भुंकायची.
मला वाटलं, वय झालं."

इर्यानं लिहिलं: ४१, वळण, बर्च.
फॉर्मवर रकाना होता, माहितीचा स्रोत.
ती जरा थांबली.
मग लिहिलं: स्थानिक रहिवासी.

प्रयोगशाळेत दोन नळकांडी, डांबराची,
मनगटाएवढी जाड. एक यंदाच्या रस्त्याचं,
एक त्या वळणावरून कापून आणलेलं.
दोघांना गारठ्याच्या पेटीत ठेवलं, अंगाला कान लावून.
उणे दहा. गप्प.
उणे चौदा. गप्प.
उणे सतराला वळणावरचं बोललं.
आपल्याला ऐकू येत नाही ते.
पडद्यावर एक पातं उगवलं,
मग दुसरं,
मग सगळं गवतच.
नवं मात्र उणे एकोणतीसपर्यंत
मिठाची गुळणी धरून होतं.

इर्यानं स्वतःचा उजवा गुडघा चोळला
आणि छापायचं बटण दाबलं.

रोव्हानिएमीहून सेप्पो अलातालो आले, रस्ते खात्याचे.
वळणावर वाकून टॉर्च मारला.
बुटाची टाच घासून पाहिली.
"कुठंय भेग?"
"अजून पोचली नाही. निघालीय."
त्यांनी कागद दुमडला, खिशात ठेवला,
आणि पैशांचं उन्हाळ्यात बघू, असं म्हणाले,
खरोखर सौजन्यानं.
गाडीत बसण्याआधी एकदा मागं वळून
पायाखालच्या रस्त्याकडं पाहिलं मात्र.

फेब्रुवारी. उणे बत्तीस.
रात्री इर्याचा फोन वाजला. ओउला.
बोलला काहीच नाही.
हात लांब करून फोन धरला असावा
बर्फाकडं, रस्त्याकडं,
कारण आधी नुसता वारा आला,
मग रुन्ने,
भुंकणं नाही, गुरगुरणं,
दाराबाहेर ओळखीचं कुणी
फार वेळ उभं असावं तसं.
मग बंदुकीच्या बारासारखं काही.
मग कुत्रीही गप्प.

इर्यानं दिवा लावला नाही.
चाचपडत पेन्सिल शोधली, आणि तळहातावरच
वेळ लिहून ठेवली: तीन वाजून बारा.