शेजार वजा जाता

नोव्हेंबरात कुओपिओला साडेतीनलाच संध्याकाळ होते.
सायमीच्या प्रयोगशाळेत तर मुद्दाम केलेली रात्र:
खिडकीला काळा कागद, एक मंद तांबडा दिवा,
आणि काचेच्या बशीत, कोमट खारट पाण्यात,
नखाएवढा तुकडा – एका माकडाच्या डोळ्याचं अस्तर.

माकड सकाळीच गेलं, दुसऱ्याच कुणाच्या प्रयोगात.
त्याला नाव नव्हतं. आकडा होता.
डोळ्याला अजून कुणी कळवलेलं नाही.
प्राणवायूचे बुडबुडे येताहेत तोवर
तो पाहतोय, कुणासाठी कोण जाणे.

केसाहून बारीक सुई ती एका पेशीला टेकवते.
भोंग्यातून आवाज:
तापल्या वाळूत लाह्या फुटाव्यात तसा
तड, तडतड, मग बराच वेळ काही नाही.

अंधारात बोलायचं, उजेड पडला की गप्प व्हायचं
ही शंकूंची रीत तिला पहिल्यांदा कळली
तेव्हा ती हसली होती: आमच्याकडचीच माणसं!
सौनाच्या काळोखात मन मोकळं करतात,
बाहेर आल्यावर अवाक्षर नाही.

नजर जिथे रुतते, त्या मध्यावर थाट मोठा:
एका शंकूला एक स्वतंत्र तार.
पण तारेवरून जे जातं ते
‘मी हे पाहिलं’ इतकं सरळ नसतं.
आडव्या पेशी शेजारपाजारचं सगळं
तांबडं-हिरवं न निवडता
एकाच पातेल्यात ढवळतात,
आणि मधल्याच्या म्हणण्यातून ते वजा करतात.
उरेल तेवढंच पुढे.
मधला तांबड्याचा, शेजार भेसळीचा: उरतो रंग.
मधला उन्हात, शेजार सावलीत: उरते पानाची कड.
तार तीच. तडतडही तीच.
रंग की कड, पेशीला ठाऊक नाही.
टपालवाल्याला पत्रातलं कुठे ठाऊक असतं?

(निळ्याचं बिऱ्हाड निराळं.
घरं थोडी, लांबलांब, अगदी मध्यबिंदूत तर एकही नाही;
त्यांचं टपाल दोन माळ्यांवरून उचलावं लागतं.
ते सायमीने पुढच्या वर्षावर टाकलंय.)

तिचा बाप, आर्मस, सप्टेंबरात रानात जायचा
पुओलुक्का वेचायला. आईची बादली भरायची,
त्याच्या बादलीत निम्मी पानं.
हिरव्या शेवाळातली तांबडी फळं
त्याला दिसायचीच नाहीत.
तो गुडघे टेकून बोटांनी शोधायचा:
फळ गार असतं, गोल असतं, पान तसं नसतं.
शेजारीण इर्या म्हणायची, आर्मस जमिनीची नाडी बघतोय.

त्याच रानात एकदा त्याने हात वर केला: थांब.
सायमीला दगड दिसले, काटक्या दिसल्या.
त्याला दिसली ओंडक्यालगत बसलेली रानकोंबडी,
पिसान् पीस, मिटलेला डोळासुद्धा.
त्याच्या मध्यात आणि शेजारात एकाच जातीचे शंकू.
रंगाची वजाबाकी शून्य येते.
कडेची येत नाही.

बापाचा हा वारसा मुलीला चुकत नाही.
तिच्याही डोळ्यात, कुठे-कुठे, ठिगळांसारखे
त्याचेच शंकू आहेत.
हे तिला पुस्तकातून माहीत आहे;
आरशात पाहून काही कळत नाही.

रात्री पावणेनऊला पेशी थांबली.
सायमीने वेळ लिहिली, बशी धुतली, जरा जास्तच वेळ.
बाहेर बर्फ. रिकाम्या चौकात सिग्नल
कुणासाठी तरी तांबडा.
तिने घरी फोन लावला.

‘काय म्हणाला आज तुझा डोळा?’
‘बोलला खूप. पण रंगाबद्दल की कडेबद्दल,
ते अजून सांगता येत नाही.’
पलीकडे जरा शांतता. मग आर्मस म्हणाला,
‘कडच असेल.’