जावक नोंदवही

मोरेवाडीच्या माळावर, चित्रनगरीच्या शेडमध्ये
एक सरकारी कार्यालय होतं, तीन भिंतींचं.
चौथ्या बाजूला कॅमेरा.
तिथं मी सात वर्षं नोकरी केली.

म्हणजे बसलो.
मागच्या रांगेत, कपाटाच्या डाव्या अंगाला,
त्याच निळ्या चौकडीच्या शर्टात.
पुढं साहेब आणि टंकलेखिका बाई भांडायच्या,
शिपाई नेमका फायलीवर चहा सांडायचा,
घरोघर लोक हसायचे
आणि मी लिहायचो.
"मान वर नको काका," दिग्दर्शक पहिल्याच दिवशी म्हणाला,
"तुम्ही फक्त कामात राहा."
हे मला नवीन नव्हतं.
उद्यमनगरात फौंड्रीवर एकतीस वर्षं टाइमकीपर होतो मी.

पण लिहायचं काय?
पहिले दोन भाग नुसत्या रेघा ओढल्या.
तिसऱ्याला लाज वाटली.
वही खरी होती हो. छापील रकाने,
अनुक्रमांक, दिनांक, कोणास, विषय.
आणि रिकामा रकाना मला बघवत नाही.

जा. क्र. ४. चुलतभावास. विषय : बांध.
जा. क्र. ५७. लेकीस, चिंचवड. विषय : फोन लवकर ठेवतेस.
जा. क्र. २१३. गंगावेशीतल्या दूधवाल्यास. विषय : म्हैस तीच आहे का.
जा. क्र. ३४०. हिला. विषय : त्या दिवशी आमटीत मीठ बरोबर होतं.

एकही पत्र गेलं नाही.
जावक मात्र चोख.

सातव्या वर्षी वरून निरोप आला, तेरा भाग करा आणि आवरा.
मग लेखकाची धांदल उडाली.
साहेबांना बढती, बाईंचं लग्न,
शिपायाचा पोरगा स्पर्धा परीक्षा पास,
वर्षानुवर्षं गळणारा नळसुद्धा बाराव्या भागात दुरुस्त झाला.
रेवा म्हणून एक सहायक पोरगी होती, कागदभर बडबडणारी.
तिनं विचारलं, "आणि काकांचं काय?"
लेखकानं माझ्याकडं बघितलं,
सात वर्षांत पहिल्यांदा.
म्हणाला, "ते बसतील की. कुणीतरी बसाय नको?"

तोच शेवटचा शॉट ठरला.
सगळे गेले, ट्यूब विझली,
मी लिहितोय.
दुसऱ्या दिवशी मिरजकर तिकटीला पानवाला म्हणाला,
"लई हसलो गा शेवटाला, तुमास्नी सोडूनच गेली समदी!"
मीही हसलो. पान फुकट मिळालं.

सेट मोडताना इस्माईल मुजावरकडं वही मागितली.
त्यानं यादीवर बोट ठेवलं.
"काका, खुर्च्या एकवीस, पंखे चार, नोंदवह्या सहा.
पाच दिल्या तर मला भरून द्याव्या लागतील."
एका टाइमकीपरला यावर काय बोलता येणार?
टेम्पोत चढवताना मीच दोरी धरली.

पावसाळा सरला.
एका रात्री जेवताना कुठल्यातरी पोलिसी मालिकेत
एका इन्स्पेक्टरनं टेबलावर वही आपटली.
कोपऱ्यावरचा चहाचा डाग मी लांबून ओळखला.
"तुझ्या सगळ्या भानगडी हितं लिहिल्यात!"
तो कुण्या सावकाराला दरडावत होता,
पानं उलटत होता, थुंकी लावून,
आणि कॅमेरा, ज्यानं सात वर्षं माझं अक्षर टिपलं नाही,
वाकून वाचू लागला.

मी रिमोट शोधला.
तो हिच्या मांडीखाली.
"थांबा हो," ही म्हणाली,
घास हातात तसाच,
"अक्षर तुमच्यासारखं दिसतंय."

मग चष्मा आणायला उठली.
"आलो, आलो. बदलू नका चॅनेल."