डाव्या खिडकीची कडी

तिकीट नाही इथे. पेला मात्र बाहेर ठेवा.
एवढंच बोलायचे पैसे मिळतात मला,
बाकीचं मी खुर्चीवर बसून मनात बोलते.

ही खुर्ची आहे तिथे माझं टेबल होतं.
सार्डिनचं डोकं उडवायचं, शेपूट उडवायचं,
डब्यात सहा, उलटसुलट,
चंदेरी बाजू वर.
तेरा वर्षांची होते. बोट लागली की भोंगा,
मग रात्रीचे दोन का वाजेनात.
प्रत्येक कारखान्याचा सूर वेगळा,
आणि सेतूबलमधली प्रत्येक बाई
झोपेतही आपला ओळखायची.

आता भिंती पांढऱ्या केल्यात. वास गेला म्हणतात.
मला विचारा.

सात जणांनी मिळून मांडलंय हे.
इओलांदा रोज सकाळी फासा टाकायची,
पडेल तितकी वळणं घेत चालत सुटायची,
पाय थांबतील तिथलं कपट्यावर उतरवायची:
न्हाव्याच्या दुकानाचं कुलूप, भिंतीवरची शिवी,
कुणाचा तरी वाळत घातलेला एकच मोजा.
चारशे बारा कपटे, टाचणीला टाचणी.
आन्सेल्मोने सादूच्या मुखाचं पाणी आणून
पसरट ताटांत आटवलं.
मीठ. बस, मीठ.
दोघांत बोलणं नव्हतं;
मधली भिंत कुणाची किती, यावरून वाजलेलं.

दुसऱ्या रात्री वारा सुटला.
सकाळी पाहते तर अर्धी भिंत उघडी
आणि कपटे मिठात बसलेले,
शाई कडेकडेने निळी चढलेली.

इओलांदा रडली. आन्सेल्मो आधी ओरडला,
मग एका ताटाशी गुडघे टेकून बसला तो बसलाच.
"हा मोजा," म्हणाला, "माझ्या आईचा.
आमचाच सज्जा आहे हा.
गेल्या मार्चमधला. ती होती तेव्हाचा."

झाडू घेऊन उभी होते. कोपऱ्यात ठेवून दिला.
संध्याकाळी पाटीवर एका ओळीत दोन नावं.

लिस्बनहून आलेल्या एका गृहस्थांनी
अभिप्रायाच्या वहीत लिहिलं: निव्वळ योगायोग.
तो शब्द मी मोडून पाहिला,
अर्धा जुळलेला, अर्धा तुटलेला.
कावळा बसला नि फांदी तुटली म्हणतात,
करवत आधी कुणी लावली होती का,
हे कावळ्याला कोण विचारतं?

तुम्ही काही इथले नाही, म्हणून सांगते.
निघताना डाव्या खिडकीची कडी मी काढते.
अठ्ठावीस वर्षं काढत होते,
रात्रभर वास कोंडला की
पहाटे येणाऱ्या बायकांना उमासे येत.
त्या बायका आता येत नाहीत,
हे हाताला कुणी कळवलेलं नाही.

उरलेले दोनशे तीन टाचण्यांवर फडफडतायत.
सात वाजले.
चला, बाहेर.