डाव्या बाजूचा अर्थ

भेरूलालची बारा-दहा ट्रान्सपोर्ट नगरात शिरली
तेव्हा समोरच्या ठेल्यावर पोह्यांचं दुसरं पातेलं चढत होतं.
"भिया," तो म्हणाला, "लेफ्ट का इंडिकेटर
खाली गाडी में चलता है. लसून भरा, कि बंद."

मी चावी फिरवली, डावा दिला.
झक्क चालू.
दुखणं वैद्याच्या ओट्यावर आलं की असंच लाजतं.

वीस वर्षं ही गाडी एका हातावर वळली.
क्लीनर होता ना, गोवर्धन,
डाव्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर,
लाल गमछा हलवत: थांबा रे, वळतोय.
होळीनंतर तो पिथमपूरला कंपनीत लागला.
आता डावीकडे नुसती सीट,
आणि परवा बेटम्याजवळ एक स्कूटीवाली पोरगी
चाकाच्या वीतभर अलीकडे थांबली.
हे सांगताना भेरूलालचे पोहे तसेच राहिले.

फ्लॅशरपासून सुरुवात केली.
माझ्या कानांना टिकटिक आता पोचत नाही,
म्हणून त्याच्या डबीवर बोट ठेवतो,
नाडी बघावी तसा.
वाजतोय? फैजान मान हलवतो.
बोट आणि पोरगं एकच सांगतात.
तरी नवा लावून पाहिला, जुना परत बसवला.
बल्ब काढले, पुढचा, मागचा; आतली तार शाबूत.
स्टिअरिंगखालचा स्विच खोलला,
पितळेवरची काजळी पेट्रोलनं पुसली,
एक बारकी स्प्रिंग उडाली ती शोधण्यात पाऊण तास गेला.
दुपारचे दोन. गाडी उभ्या जागी निरोगी.

मग शेजारच्या गोदामातून हमाल बोलावले.
सात जण, आणि केटली घेऊन आलेला सुखलाल आठवा,
सगळे मागच्या डाव्या कोपऱ्यात दाटीनं.
नाचा, म्हटलं.
नाचले.
दिवा गेला.

फैजान, ब्रेक दाब.
ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणायचा,
इंडिकेटर दिला की ब्रेकच्या लालात धुगधुगी.
वीज बिचारी घरी परतायला निघालेली,
स्वतःची वाट बंद, म्हणून
शेजाऱ्याच्या परसातून जात होती.
अर्थ नाही! मी ओरडलो.
रामबागेतल्या शाळेत माझ्या निबंधाखाली
बाई हेच लिहायच्या, लाल शाईत.

चेसिसखाली पाठीवर सरकलो.
काळी तार, गोल टोक, एक बोल्ट.
दिवाळीत गाडी रंगवली तेव्हा कुणीतरी
बोल्ट सोडून, खाली निळा ऑइलपेंट फासून,
नीट परत आवळून ठेवलेला.
मागच्या फळीवरचा मोर तर इतका हौशी,
की पिसाऱ्याचं शेवटचं पीस तिथवर उतरलेलं.

पीस खरवडताना हात जरा अडखळला.
मग लोखंड दिसेपर्यंत खरवडलं,
पांढरं, उघडं.
नवा वायसर, वर बोटभर ग्रीस.
नाचा रे.
पिवळा. काळोख. पिवळा.
हमाल खाली उतरेनात.

शेठला दाखवायला भेरूलालनं पावती मागितली.
मी सवयीनं मराठीत लिहिली:
एक बोल्ट घासला, रुपये चारशे.
"एक बोल्ट के चार सौ?"
दिवस कुठल्या रकान्यात लिहायचा
ते मला आजवर जमलेलं नाही.
तीनशे आणि लसणाची एक जुडी, यावर मिटलं.

संध्याकाळी नाक्यावर गाडी डावीकडे वळली.
दिवा लागत होता, विझत होता, लागत होता,
आणि तरीही भेरूलालचा उजवा हात
खिडकीतून बाहेर येऊन
गोल गोल फिरत राहिला,
वळण पुरतं संपेपर्यंत.