नमुना

अल ऐनच्या बाहेर, जिथे डांबर संपतं
आणि वाळू न विचारता रस्त्यावर येऊन बसते,
तिथे आमची इमारत. लांबून गोदाम वाटते.
दार उघडलं की हवा आत ओढली जाते,
आतली बाहेर जात नाही.

माझं काम नाकांचं.
पहाटे चारला, ऊन चढायच्या आत,
लांब दांडीचा कापूस सांडणीच्या नाकपुडीत,
दहा वेढे, मोजून,
मग नळीत मोडायचा, बर्फात खोचायचा.
तीनशे चौदा शिंकते
आणि माझ्या तोंडावरची काच धुरकटते.

तिला एवढंच होतं. सर्दी.
आठ दिवस नाक गळतं, चारा थोडा उरतो,
नवव्या दिवशी पुन्हा तीच मान,
जगाकडे वरून बघणारी.

हाच विषाणू बखीतच्या छातीत उतरला तेव्हा
अकरा दिवस यंत्राने त्याच्यासाठी श्वास घेतला.
सुदानचा माणूस, तीस वर्षं उंटांत,
धारोष्ण दूध पितळी पेल्यात प्यायचा,
आजारी पिल्लाच्या नाकावर ओठ टेकायचा.
वाचला.
पण त्याची हाळी, जी तीन टेकाडांपलीकडून
कळप वळवून आणायची,
तिला आता पहिल्या टेकाडापर्यंतही दम पुरत नाही.

मागच्या खोलीत उंदीर.
उंदराला हा आजार होतच नाही.
विषाणू पेशीपेशीला हात लावत फिरतो,
त्याच्या मापाची कडी सापडत नाही.
म्हणून कुणीतरी कुठेतरी
उंदराच्या पिढीत माणसाची एक कडी बसवली,
एवढीशी.
आता होतो.
आजारी पडतो तो त्याच्यातला माणूस,
मरतो मात्र उंदीर.

बावीस पूर्णांक चार ग्रॅम.
एकवीस पूर्णांक शून्य.
एकोणीस पूर्णांक तीन.
सतरा पूर्णांक नऊला लाल रेघ आहे,
तिच्याखाली त्याला त्रास होऊ द्यायचा नाही
असा नियम, माझी सही, आणि वायूची नळी.

आई दापोलीहून विचारते, उंटांचंच बघतोस ना?
हो म्हणतो.
तिने भाताच्या कणगीपाशी पिंजरे लावले,
पिंजऱ्यासकट बादलीत बुडवले,
बुडबुडे थांबेपर्यंत आम्ही पोरं वाकून बघायचो.
ते किती होते, कुणाला ठाऊक.
इथे एकेकाचं वजन आहे,
दशांश चिन्हासकट.
हे बरं की वाईट, मला अजून ठरवता येत नाही.

अहवालात उंट म्हणजे नमुना.
उंदीर नमुना.
काडीवरचा शेंबूडही नमुनाच.
रात्री फोनवर मी उंटांच्या शिंकांची नक्कल करतो
तेव्हा बायको हसून म्हणते, काय नमुना आहेस!
मला वाटतं, भाषेनं आम्हा सगळ्यांना
एकाच पिंजऱ्यात घातलं, बरं केलं.

यंदा नाकात फवारायची लस आहे.
उंट शिंकला नाही तर माणूस वाचेल, असा हिशोब.
सहा सांडण्यांना लस, सहांना मिठाचं पाणी,
कुणाला काय ते मलाही सांगत नाहीत.
दूर शहरात, थंड खोलीत,
उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांच्या पाकिटात
ते बंद आहे.

गुरुवारी बखीत कुंपणापलीकडे येतो.
आत यायची त्याला परवानगी नाही.
तारेला धरून उभा राहतो, श्वास जमवतो,
मग हनुवटीने दाखवतो:
ती. ती. ती नाही. ती.
कसं कळतं?
चालीवरून, म्हणतो.

मी ऐकलं नाही असं करतो.
ऐकलेलं वहीत लिहायला रकाना नाही.
तीनशे चौदापाशी तो थांबला होता,
बराच वेळ,
हनुवटी न हलवता.

आज सहावा दिवस.
कापूस आत, दहा वेढे.
मी काच पुढे करून उभा आहे.