हजेरी

रविवारी नऊला तास.
शनिवारची रात्रपाळी अंबडला,
स्विचची खोकी मोजून मी सव्वासातला घरी,
हाताला अजून पुठ्ठ्याचा वास.
मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवते,
डबा हलत नाही म्हणून,
आणि रेंज आमच्याकडे ओट्यापाशीच येते म्हणून.
मोबाईल घरात एकच.
आठवडाभर मुलाची दहावी त्यात,
रविवारी सकाळी माझं दुसरं वर्ष.

गांगुर्डे बाई हजेरी घेतात.
पडद्यावर बासष्ट काळे चौकोन.
कुणी सटाण्याचं, कुणी सुरगाण्याचं,
एक पोरगा म्हणे टेकडीवर जाऊन बसतो,
त्याच्या चौकोनातून नुसता वारा येतो.
"चित्रा दोंदे?"
मी टाईप करते : हजर.
अठरा वर्षांनी वर्गात बसलेय,
तोंडातून आवाज निघत नाही.

बाई शिकवतात, घटती सीमांत उपयोगिता.
पहिल्या भाकरीचं समाधान दुसरीला नाही,
दुसरीचं तिसरीला नाही.
मी मनात म्हणते, बाई,
रात्रपाळीनंतर जेवून बघा एकदा.
गृहपाठात मात्र पुस्तकातलंच लिहिलं.
लाल अक्षरात शेरा आला :
उत्तर बरोबर. उदाहरण स्वतःचं द्या.

मग तो रविवार.
मागणीचा वक्र नुकताच खाली उतरत होता
आणि खिडकीतून आला शेगडीवाला,
"शेगडीऽऽ, कुकर रिपेऽऽर,"
फाटका आवाज, शेपटाला खोकला.
एक, दोन, तीन.
मग तोच आवाज मोबाईलमधून.
तोच खोकला.

आधी म्हटलं, असेल घंटागाडीसारखं,
तिचं गाणं सगळ्या गल्ल्यांत एकच.
पण खोकला काही कुणी
भोंग्यात भरून फिरवत नाही.

समोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर,
निळ्या पडद्याची खिडकी धाडकन बंद झाली.
आणि त्यानंतर मोबाईलमध्ये बाई म्हणाल्या,
"एक मिनिट हं, खिडकी लावते."

फॉर्मवर लिहिलं होतं दूरशिक्षण.
मध्ये सिडकोची एक गल्ली,
उभ्या केलेल्या चार मोटारसायकली,
नळ गळून गळून झालेलं डबकं.
एवढंसं ओलांडायला बाईंचा आवाज
कुठल्या आभाळात चढत असेल,
कुठल्या समुद्राखालून येत असेल,
तेव्हा कुठे माझ्या ओट्यावर उतरतो.

बुधवारी गाडीपाशी त्या माझ्या मागेच उभ्या.
हातात शेगडीचा बर्नर, गाऊनवर ओढणी,
केसांना तेल.
मला वाटायचं बाई घरातही साडीतच असतील.
"किती घेतो हो हा?"
"साठ म्हणतो. चाळीसला येतो."
"बरं झालं सांगितलंत."
चाळीस दिले, हसल्या, गेल्या.
मी कुकरची शिट्टी मुठीत धरून
उभी राहिले, काहीच न बोलता,
वर्गात राहते तशी.

रात्री मुलगा झोपल्यावर गृहपाठ काढला.
लिहिलं : एक शेगडीवाला. भाव साठ.
रांगेत पुढे असलेली बाई
मागच्या बाईला खरा भाव सांगते,
आणि त्या सांगण्याचे पैसे घेत नाही.
ह्याला अर्थशास्त्रात काय म्हणतात
ते पुस्तकात सापडलं नाही.
फोटो काढला, पाठवला.
गोल फिरत राहिलं बराच वेळ,
समोर निळ्या पडद्यामागे दिवा होता.

काल परत रविवार.
"चित्रा दोंदे?"
मी माईक सुरू केला.
ओट्यावरची खिडकी जरा अडकते, तीही ढकलली.
"हजर, बाई."
जोरातच निघालं, वरच्या मजल्यावरची कबुतरं उडाली.

निळा पडदा हलला.
मोबाईलमध्ये बाई अजून
यादीवर पेन ठेवून, मान खाली.
एक,
दोन,